कोरड्या हातांची सही

४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

पाकिटावर माझं अक्षर बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी पी. सगळे धडधाकट आहेत. कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर लिहिलं असतं तर तुझ्याआधी आमच्या घरातल्या प्रत्येकाने वाचलं असतं. आमच्या भांड्यांच्या कारखान्याचा फोन एकच आहे आणि तो सगळ्यांचा आहे.

मला फसवलंय गं. तेही घरातल्या माणसाने.

नानांचा निळा गेला. हो, आपल्याच नानांचा. काठाशी हिरवट होत जाणारा, ज्याच्यापायी त्यांनी अर्धं आयुष्य भट्टीपुढे काढलं आणि आईची बोलणी खाल्ली, तो रंग. स्वयंपाकघरातली भांडी विकणारी एक मोठी कंपनी आहे, तिने त्याची कृती घेतली. एक एप्रिलपासून तो रंग फक्त त्यांचा. आपण तो एका बशीलासुद्धा लावायचा नाही. करार फोनवर आला, फोनवरच सही झाली, आणि खाली माझं नाव, नावापुढे हिरवी खूण. परवा त्यांच्या अधिकाऱ्याने अभिनंदन करायला फोन केला तेव्हा मला हे कळलं. माझे हात मातीत होते. तुझ्या भाऊजींनी फोन माझ्या कानाशी धरला होता आणि मी खुळ्यासारखी "कसला करार? कसला करार?" करत राहिले.

सूनबाईला विचारलं. म्हणाली, "आई, तुम्हाला विचारूनच केलं." एवढंच. मला विचारलं असतं तर मला आठवलं नसतं का? नानांचा रंग म्हणजे काय भाजीची पिशवी आहे, कुठे ठेवली ते विसरायला?

मी पेन धरलं नाही, शाई नाही, कागद नाही. काचेवर बोट टेकवलं की सही होते? मग दारावरची घंटा वाजवणाऱ्यानेही आमच्या घरावर सही केली म्हणायची. तू कॉलेजात पोरांना व्यापाराचा कायदाच शिकवतेस ना? मला फक्त एवढं लिहून पाठव की ही सही खोटी आहे. पुढचं मी बघते.

सूनबाईशी मी बोलत नाही. एकाच छपराखाली एक चाकावर, एक भांड्यांना झिलई चढवायच्या टेबलावर, आणि मधे तुझे भाऊजी निरोप पोचवतात. "ती विचारतेय बशा किती?" "तिला सांगा नेहमीइतक्या." आमचा लेक जहाजावरून उन्हाळ्यात येईल. त्याला यातलं काही कळवू नकोस.

तुझी ताई

१० फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं तेव्हा नानांचा वाडगा समोरच होता. माझ्या टेबलावर त्यात पेनं असतात. राग तुझ्याइतकाच मलाही आला. मी माती कधी मळली नाही, पण तो रंग माझ्याही वडिलांचा आहे.

आता वकिली. तुला जे ऐकायचंय ते मला लिहिता येत नाही. सही काचेवर केली म्हणून ती खोटी ठरत नाही. मृत्युपत्रासारखे थोडे कागद सोडले तर व्यवहारात बोटाने केलेली सही शाईच्या सहीइतकीच पक्की. आणि तसं पाहिलं तर शाईत तरी काय मोठं आहे? लोक अंगठे उठवत होते, शिक्के मारत होते. कायद्याने नेहमी दोनच गोष्टी विचारल्या: ही खूण त्याच माणसाची आहे का, आणि करताना त्याच्या मनात हो म्हणायचं होतं का. पेन हे फक्त साधन. पोरांना हे समजवायला मला दर वर्षी आठवडा लागतो, तू एका पत्रात समजून घे.

म्हणजे दोनच दारं उघडी आहेत. खूण तुझी नाही, किंवा मन तुझं नव्हतं. म्हणून मला नीट सांग: तो फोन कुणाच्या बोटाने उघडतो? करारावर सही करायच्या आधी कंपनीने ओटीपीचे आकडे पाठवले असतील, ते टाकावे लागतात. ते कुणी वाचले, कुणी टाकले? लाजू नकोस, आहे तसं लिही.

आणि एक. त्या अधिकाऱ्याचा पुन्हा फोन आला तर "बरं, बरं" म्हणू नकोस. तुझी ती सवय आहे. दुसऱ्याने आपल्या नावाने केलेली गोष्ट आपण मागाहून मान्य केली, तर कायदा ती पहिल्या दिवसापासून आपणच केली असं धरतो. मान्यता मागे जाऊन लागू होते. एका "बरं"ने सगळं हातचं जाईल.

तुझी बारकी

१६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तू विचारलंस म्हणून लिहिते, पण हे पत्र तुझ्या पोरांपुढे वाचून दाखवू नकोस.

फोन तिघांच्या बोटांनी उघडतो. माझ्या, यांच्या, सूनबाईच्या. खरं तर माझ्या बोटाने उघडतच नाही. मातीत इतकी वर्षं घासून बोटांवरच्या रेषा गेल्या आहेत, फोन मला ओळखतच नाही. आमच्याकडे नियम असा, की ज्याचे हात कोरडे त्याने फोन घ्यायचा. चाकावरचे हात ओले, भट्टीवरचे काळे, झिलईवरचे चिकट. फोन वाजला की आम्ही तिघं एकमेकांच्या हातांकडे बघतो. ज्याचे बरे दिसतील तो उठतो. यांनी एकदा माझ्या नावाने दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि बाईच्या आवाजात बोलल्यामुळे तिकडच्या मुलीने यांना आजी म्हटलं.

आकडे आले की ज्याच्या हातात फोन तो मोठ्याने वाचतो, म्हणजे दुसऱ्याला टाकायचे असले तर. आख्ख्या गल्लीला पाठ होत असतील.

आणि हो, पुढचा प्रश्न तू विचारशीलच. बाकीचे करारही असेच होतात. गॅसचा, मातीवाल्याचा, कारखान्याच्या जागेच्या भाड्याचासुद्धा. सूनबाई वाचते, विचारते, मी हो म्हणते, ती बोट लावते. हात तिचेच जास्त वेळा कोरडे असतात. पण त्या प्रत्येक वेळी मी हो म्हटलं होतं. या वेळी म्हटलं नाही. फरक आहे की नाही?

काल मी निळ्याची शेवटून तिसरी भट्टी लावली. वाडगे चांगले निघाले. हातात घेऊन बघताना रडू आलं. मग सूनबाई आली म्हणून मी नाक पुसून घेतलं. तिला कशाला दाखवा.

तुझी ताई

२१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आहे! वाट आहे. तुझ्या त्या ओल्या-कोरड्या हातांच्या नियमात आहे.

बोटाने उघडणाऱ्या फोनवरची सही म्हणजे त्या माणसाची सही, असं गृहीत धरतात कारण बोट एकाचंच असतं. तुमच्याकडे बोटं तीन आहेत, आणि त्यातलं तुझं तर फोनला ठाऊकच नाही. म्हणजे खूण तुझी नाही हे सिद्ध करणं अवघड नाही. अवघड पुढचं आहे. कंपनी म्हणेल, सूनबाई नेहमीच यांच्या वतीने सह्या करते, आम्ही विश्वास ठेवला. त्याला उत्तर एकच: या वेळी तिला परवानगी नव्हती, हे तिने स्वतः लिहून द्यायला हवं. स्पष्ट शब्दांत, कागदावर. ते हातात आलं की मी एक एप्रिलच्या आत नोटीस पाठवते.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, हेही सांगते. असा कागद ज्या दिवशी ती देईल त्या दिवसापासून तिच्या हातची कुठलीच सही कुणी धरणार नाही. गॅसवाला विचारेल, भाडेवाला विचारेल. आणि तिच्या नावापुढे एक शब्द कायमचा चिकटेल, तो मी लिहीत नाही. पण रंग वाचवायचा तर दुसरी वाट मला दिसत नाही.

तू तिला विचारणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझं नाक वर असतं तेव्हा तुला समोरचं दिसत नाही. मीच तिला सरळ पत्र लिहिते.

मला एकच सांग. ती म्हणते तुम्हाला विचारलं. त्या वेळी तू काय करत होतीस?

तुझी बारकी

१ मार्च

सौ. मावशींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही इतकं सांभाळून लिहिलंत, त्यामुळे मलाही लपवून लिहिणं बरं वाटत नाही.

तुम्ही मागितलेला कागद सोबत जोडला आहे. "परवानगी न घेता सही केली" असं लिहून खाली सही केली आहे, शाईने. तुम्हाला लागेल तसा वापरा. आईंना त्यांचा रंग परत मिळत असेल तर माझी काही हरकत नाही.

पण खरं काय झालं ते तुम्हाला तरी कळावं. आई चाकावर होत्या. मोठा वाडगा लावला होता. मी बाजूला बसून करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. रंग पुढे आपल्याला वापरता येणार नाही, ही ओळ दोनदा वाचली. मग विचारलं, "आई, करू का?" त्यांनी मान हलवली. चाकावर असताना आई कधीच बोलत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. बोललं की हात हलतो. आमच्याकडे चाकावरचं हो म्हणजे मान. माती किती मागवू, मान. भाडं वाढवून मागतायत, देऊ का, मान.

माझं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा मी चाकाजवळ जाऊन विचारलं होतं, "आई, मलाही शिकवाल का?" तेव्हाही त्यांनी अशीच मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी मी कामावर आले. त्या एका मानेवर मी नऊ वर्षं इथे आहे. माझ्या माहेरी मी कुणाला कधी काही शिकवा म्हटलं तर आधी हसायचे. म्हणून ती मान मला फार मोठी वाटते. आता आई म्हणतात त्यांनी हो म्हटलंच नव्हतं. तेव्हापासून मला एकच वाटतं, की मग ती पहिली मान तरी खरी होती का? हे मी त्यांना विचारू शकत नाही.

आणि हा रंग मी द्यायला का तयार झाले, तेही सांगते, पण ते आईंना सांगू नका. मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, वचन दिलं आहे. बाकीच्या रंगांना भट्टीवरचं मीटर पुरतं. निळ्याला माणूस लागतो. भट्टीच्या भोकातून आत बघायचं आणि ज्वाळेचा रंग बदलला की त्याच क्षणी गॅस बंद करायचा. बाबांनी जन्मभर त्या भोकाला डोळा लावला. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना ज्वाळेतला फरक दिसत नाही. मी मागे उभी राहते आणि हळूच त्यांच्या पाठीला बोट लावते, मग ते बंद करतात. डॉक्टरांनी भट्टीत बघायचं नाही म्हणून बजावलंय. पण निळा आहे तोवर ते ती जागा सोडणार नाहीत, आणि सोडली तर आईंना कळेल. कंपनीचा करार आला तेव्हा मला वाटलं, रंगही मानाने जाईल आणि बाबांचे उरलेले डोळेही राहतील.

चुकलं असेल तर मोठ्या मनाने माफ करा.

तुमची सून

६ मार्च

ताई,

सोबत एक कागद आहे. तुझ्या सुनेने लिहून, सही करून दिलेला. याच्या आधारावर मी नोटीस पाठवली तर बहुधा आपण जिंकू. मी हे वकील म्हणून सांगते.

बहीण म्हणून सांगते, की मी तो कागद माझ्याजवळ ठेवू शकले नाही. दोन दिवस तो नानांच्या वाडग्याखाली होता आणि मला पेनं काढायला हात लावावासा वाटेना. वापरायचा की नाही ते तू ठरव. एक एप्रिलच्या आत कळव.

तिने मला आणखीही लिहिलंय. त्यातलं एक मी सांगणार नाही, कारण ते सांगायचं नाही असं तिने म्हटलंय. एक मात्र सांगते, कारण ते सांगू नको असं ती म्हणाली नाही. तू चाकावर होतीस. तिने सगळं वाचून विचारलं आणि तू मान हलवलीस. नऊ वर्षांपूर्वी तिने "मलाही शिकवाल का" म्हणून विचारलं तेव्हाही अशीच हलवली होतीस, आणि आता तिला कळेनासं झालंय की तीही खरी होती का.

मी पंचवीस वर्षं "मनात हो होतं का" हे शिकवते. पण ज्या मानेखाली चाक फिरतंय तिच्या मनात काय होतं, हे मला ठरवता येत नाही. ते फक्त तुलाच ठाऊक असेल, आणि कदाचित तुलाही नसेल.

आणि पुढची निळी भट्टी लागेल तेव्हा चाक सोडून भट्टीपाशी जाऊन उभी राहा. माझं एवढं ऐक.

बारकी

२९ मार्च

प्रिय बारके,

उत्तराला उशीर झाला. आधी तू लिहिलेल्या मानेचं बघितलं, मग भट्टीचं, मग माझं स्वतःचं, त्यात वेळ गेला.

मान आधी. यांना समोर स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, मी वाडगा काढते, तुम्ही माती बघू नका, माझी मान बघा. चाक थांबलं तेव्हा हे हसत होते. म्हणाले, "अगं, तुझी मान तर चाकाबरोबर हलतच असते. आधीपासून. मला वाटलं तुला माहीत आहे." म्हणजे बघ, गोळा मध्यावर आणताना मी जन्मभर मान डोलावते आहे आणि हे कारखान्यातल्या सगळ्यांना माहीत, मी सोडून. आजवर मी कशाकशाला हो म्हटलं असेल देव जाणे. मातीवाल्याचा पोरगा आमच्याकडे मदतीला असताना एकदा अर्धा दिवस सुट्टी मागून आठवडाभर आला नव्हता, त्याचा उलगडा आता झाला.

क्षणभर मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. हाच पुरावा! मान चाकाची होती, माझी नव्हती. तुझा कागद कपाटात होताच.

मग निळी भट्टी लागली. तू सांगितलंस म्हणून चाक सोडून मागे जाऊन उभी राहिले, दोघांना न कळवता. हे भोकाला डोळा लावून, सूनबाई त्यांच्या मागे. मी तिचं बोट बघितलं. पाठीवर हळूच टेकलं आणि यांनी गॅस बंद केला. मी तशीच मागच्या मागे चाकावर परतले. दुसऱ्या दिवशी दोन तुकडे आणले, एक निळा, एक हिरवा, आणि यांना विचारलं यातला नानांचा कुठला. यांनी हिरवा उचलला. मग माझ्याकडे बघून खालीच बसले. म्हणाले, "तुझ्या वडिलांनी मला ही जागा दिली होती, कशी सोडू?" बारके, मी या माणसाबरोबर इतकी वर्षं एका ताटाएवढ्या अंतरावर काम करते आणि मला दिसलं नाही. फोन मला ओळखत नाही म्हणून मी हसत होते.

मला माझीच लाज वाटली. त्या पोरीने माझ्या नवऱ्याचे डोळे आणि त्याची लाज दोन्ही झाकून धरली, आणि वर स्वतःला खोटं ठरवणारा कागदही लिहून दिला.

त्याच आठवड्यात मी चाक बंद केलं. हात धुतले, कोरडे केले, अगदी नखांपर्यंत. सूनबाईला बोलावलं आणि म्हटलं, करार पुन्हा वाच. पहिल्यापासून. ती वाचत राहिली, रंग आपल्याला वापरता येणार नाही ही ओळ तिने याही वेळी दोनदा वाचली. नाना डोळ्यांपुढे होते. वाचून झाल्यावर तिने फोन खाली ठेवला. मी म्हटलं, "आता विचार." ती म्हणाली, "आई, करू का?"

मी मान हलवली. चाक बंद होतं.

मग मीच म्हटलं, तुला आणखी एक विचारायचं होतं ना? तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिचे डोळे भरले. नऊ वर्षांपूर्वीचं. खरं सांगू का तुला, मला तो दिवस आठवत नाही. चाकावर कुठलातरी माठ असेल, माझं ध्यान त्यात असेल. पण तूच लिहिलं होतंस ना, मागाहून मान्य केलं की पहिल्या दिवसापासून आपलंच धरतात? मग मी तिला म्हटलं, ती मान माझी होती. तू तुझ्या पोरांना हे शिकवतेस तेव्हा इतकं चांगलं वाटतं का गं?

तो अधिकारी बरा माणूस निघाला. माझ्या आवाजात "मला मान्य आहे" हे त्याने ऐकून घेतलं. आता एक एप्रिलनंतर भट्टी मीटरवर चालेल, आणि हे झिलईच्या टेबलावर बसतील. भांडी झिलईत बुडवायला डोळे फारसे लागत नाहीत.

सोबत एक फरशी पाठवते आहे. निळ्याची शेवटची भट्टी, गॅस सूनबाईने बंद केला, पुढे उभी राहून. माती ओली असताना तिच्यावर मी काडीने लिहिलंय: या कारखान्याची सही यापुढे सूनबाईची. खाली दोघींचे अंगठे आहेत. माझ्या अंगठ्यात रेषा नाहीत, नुसता खड्डा आहे, तर तिचा शेजारी बघून ओळख. एकदा भाजलं की पुसता येत नाही, त्यामुळे तुझ्या कायद्यात बसत नसेल तर कायदा जरा सरकवून घे.

फरशी ज्या कागदात गुंडाळली आहे तो तिचाच कागद आहे, तू पाठवलेला. फरशी फुटू नये म्हणून मला दुसरा एवढा जाड कागद सापडला नाही. उघडताना फाटला तर फाटू दे.

तुझी ताई